खिसे रिकामे करण्याचा हुकूम

मंगळवार, १ सप्टेंबर २०१५. एन्डोला

आज जेवणाच्या सुट्टीत दोन कारकुनांनी माशांचा डबा खिशातल्या चाकूने उघडायचा खटाटोप केला. एकाने डबा धरला, दुसऱ्याने चाकू खुपसला. चाकू घसरून डबा धरणाऱ्याच्या तळहातात गेला. सात टाके पडले.

डबे उघडायचं यंत्र कचेरीच्या स्वयंपाकघरात आहे. ते का घेतलं नाही, असं विचारलं. ते ज्या खणात आहे तो खण उघडत नाही, असं कळलं. कधीपासून? "दोन वर्षं झाली असतील, मॅडम." दोन वर्षांत एकानेही मला सांगितलं नाही.

लुसाकाला फोन करून कळवलं. मुख्य कचेरीतले माझे वरिष्ठ हामूंगा टोंगा जमातीचे आहेत आणि मी लोझी जमातीची. म्हणजे आमच्यात थट्टेचं नातं. त्यांनी मला गाईचोर म्हणायचं आणि मी रागवायचं नाही, हा देशाचा रिवाज. "काय लिसेलीबाई, आमच्या गाई कापून झाल्या, आता माणसं कापायला घेतली?" मी म्हटलं, सात टाके पडले आहेत. तेव्हा कामाचं बोलले. सोमवारपर्यंत नियम करा, म्हणाले.

मार्चमध्ये मी निवृत्त होते. चौतीस वर्षांत माझ्या नावाचा एक नियम या कंपनीत नाही. हा करायचा तर नीट करायचा.

बुधवार, २ सप्टेंबर

सकाळी सगळ्यांना एकत्र बोलावलं आणि खिसे टेबलावर रिकामे करायला सांगितलं. सव्वीस माणसांचे खिसे: नऊ चाकू, चार घडीच्या पकडी, अकरा छोट्या बॅटऱ्या, सात बाटलीउघडे, तीन स्क्रू पिळायची हत्यारं, दोरीला बांधलेलं एक नेलकटर, तारेचं एक भेंडोळं आणि एक चमचा. हे खाणकामगारांच्या पेन्शनचं ऑफिस आहे, गॅरेज नव्हे.

एकेकाला विचारलं.

"हा चाकू कशाला?"

"आंबा कापायला, मॅडम."

"आंबे अजून पिकायचे आहेत."

"तयारीत असलेलं बरं, मॅडम."

"आणि ही बॅटरी?"

"वीज जाते ना. रोज आठ तास."

"जनरेटर आहे."

"जनरेटरला डिझेल घालावं लागतं, मॅडम. टाकीचं झाकण हाताने निघत नाही. त्यासाठी ही पक्कड. आणि पक्कड कुठे लावायची ते दिसायला ही बॅटरी." सगळे हसले.

शेवटी कासोंदे आले. एव्हरिस्टो कासोंदे, वय चौपन्न, रेकॉर्ड खोली सांभाळतात. हिशेबी, अबोल माणूस. त्यांची घडीची पक्कड वीस वर्षांची आहे, दांड्यांवरचा रंग पार उडालेला. इतकी वर्षं टेबलाशी बसून काम करणाऱ्या माणसाला पक्कड कशाला लागते, असं मी त्यांना स्पष्ट विचारलं.

"मला नाही लागत, मॅडम," ते म्हणाले. "इमारतीला लागते."

"मग इमारतीने अर्ज करावा," मी म्हटलं.

पुन्हा हसले सगळे. हसवायचा माझा हेतू नव्हता. कचेरीतल्या माणसाला पेन, चष्मा आणि रुमाल लागतो. बाकी सगळी हौस आहे. पुरुषांना खिशात लोखंड असलं की आपण काहीतरी करू शकतो असं वाटतं.

सोमवार, ७ सप्टेंबर

हुकूम लागू झाला. आतल्या दाराशी पहारेकरी जेरे बसतात, त्यांच्याकडे एक लाकडी पेटी आणि क्रमांकांचे बिल्ले दिले. सकाळी वस्तू जमा करायची, बिल्ला घ्यायचा, संध्याकाळी परत न्यायची.

कासोंदे बेंबा जमातीचे आणि जेरे न्गोनी, म्हणजे त्यांच्यातही थट्टेचं नातं. फरक इतकाच की या दोघांना त्याची आवड आहे. कासोंदे एरवी दिवसाला दहा शब्द बोलत असतील, त्यातले आठ जेरेंना शिव्या.

"काढ, माकडखाऊ," जेरे म्हणाले. "पक्कड ठेव इथे. माकडाचे दात उपटायचे ते घरी उपट."

"नीट सांभाळ, उंदीरखाऊ. तुझ्या दुपारच्या जेवणाची कातडी सोलायला वापरलीस तर वास येईल मला."

रांग तेवढ्यासाठी खोळंबली. मी दोघांना पुढे चला म्हटलं.

मंगळवार, ८ सप्टेंबर

संध्याकाळी कासोंदे माझ्या खोलीत आले. बसा म्हटलं तरी उभेच राहिले.

आमची इमारत पूर्वी बँकेची होती आणि रेकॉर्ड खोली म्हणजे बँकेची तिजोरी. वीतभर जाड लोखंडी दार आपल्या वजनाने बंद होतं आणि खिटी पडते. बाहेरून मूठ फिरवली की उघडतं. आतली मूठ, कासोंदे सांगतात, चार वर्षांपूर्वी तुटली. तिच्या जागी बोटाएवढा लोखंडी दांडा आहे. तो पकडीने धरून फिरवला की दार उघडतं. "आता पक्कड नाही, मॅडम. आज दोनदा मी आत अडकलो. आत फोनही लागत नाही."

दार उघडं ठेवून काम करता येत नाही. दोन वर्षांपूर्वी फायली चोरीला गेल्यापासून लुसाकाचा तसा सक्त नियम आहे.

"मला एकट्याला सूट द्या," ते म्हणाले. "पक्कड खोलीतच खिळ्याला टांगून ठेवतो. बाहेर आणणारच नाही."

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हे इथे लिहिते. पण हुकूम कालचा. दुसऱ्याच दिवशी एकाला सूट दिली असती, तर उद्या पंचवीस जण खिळे मागायला आले असते. मी दुसरा मार्ग काढला. रेकॉर्ड खोलीत जाताना जेरेंना सांगून जायचं आणि बाहेर यायचं असेल तेव्हा आतून ठोकायचं. जेरे उघडतील. पकडीपेक्षा माणूस भरवशाचा.

"जेरे, मॅडम?" कासोंदे म्हणाले.

"कामाच्या वेळी ते पहारेकरी आहेत."

"हो, मॅडम." गेले.

आणि इमारतीत जे जे मोडलं आहे त्याची यादी त्यांच्याकडे मागितली आहे. मोडकं खिशातल्या हत्यारांनी झाकत बसलं, तर वरच्यांना कळणार कसं?

सोमवार, १४ सप्टेंबर

कासोंदेंनी यादी आणली. तेवीस कलमं, सुंदर अक्षरात. जिन्याचा कठडा, दोन नळ, टाकीचं झाकण, आग विझवायच्या नळकांड्याची कडी, फायलींच्या कपाटांची कुलपं. एकोणिसावं कलम: व्यवस्थापिकेच्या खोलीतल्या खिडकीचा अडसर.

"माझ्या खिडकीला काय झालंय?"

"तिचा स्क्रू ढिला पडतो, मॅडम. दर सोमवारी तुम्ही यायच्या आधी आवळून ठेवायचो."

"किती वर्षं?"

"तीन."

"कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही."

मला राग आला. माझ्या पाठीमागे माझी खिडकी तीन वर्षं दुरुस्त होत होती आणि मला ती धडधाकट आहे असं वाटत होतं.

यादी निकडीच्या क्रमाने लावून लुसाकाला पाठवली. ते एका वेळी पाच कलमं मंजूर करतात, म्हणून क्रम महत्त्वाचा. रेकॉर्ड खोलीच्या मुठीला चौदावा क्रमांक दिला. दार बाहेरून उघडतं आणि बाहेर माणूस बसवलेला आहे. कठड्यावरून कुणी पडलं तर तिथे माणूस बसवलेला नाही.

गुरुवार, १७ सप्टेंबर

खिडकी बंद राहत नाही. जनरेटर तिच्याच खाली आहे. दुपारभर आवाज आणि धूर आत येत होता. माझं डोकं इतकं दुखलं की चारला घरी आले आणि उलटी झाली. उद्या तो तिथून हलवायला सांगितला आहे. मागच्या अंगणात भिंतीला लागून जागा आहे. त्या बाजूला कुणी बसत नाही.

शुक्रवार, १८ सप्टेंबर

जनरेटर हलवला. आता माझ्या खोलीत शांतता आहे. पत्रं भराभर झाली.

बुधवार, २३ सप्टेंबर

रेकॉर्ड खोलीच्या दाराशी रोज नाटक चालतं, ते आज माझ्या कानावर पडलं. कासोंदे आतून ठोकतात.

"कोण आहे?" जेरे विचारतात.

"उघड, उंदीरखाऊ."

"इथे उंदीर राहत नाही. पत्ता चुकला."

"जेरे, तीन माणसं फायलीसाठी थांबलीत."

"आधी म्हण, बेंबांच्या राजाने न्गोनींच्या राजाचे पाय धुतले."

मग आतून काही ऐकू येत नाही. कासोंदे गप्प बसतात आणि जेरे बाहेर गप्प बसतात. जो आधी बोलेल तो हरला. कचेरीतले लोक येऊन कान लावतात. आजचा डाव चार मिनिटं चालला. जेरे हरले, उघडलं. दोघंही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होते.

मी जेरेंना बोलावून ताकीद दिली. पहिल्या ठोक्याला उघडायचं.

"हो, मॅडम. पण तो माझा भाऊ आहे, मॅडम. पहिल्या ठोक्याला उघडलं तर त्याला वाटेल मी रागावलोय."

लेखी ताकीद द्यावी का, याचा विचार केला. पण थट्टेच्या नात्यावरून लेखी ताकीद दिली तर सगळं शहर माझ्यावर हसेल. तोंडी पुरे.

बुधवार, ३० सप्टेंबर

त्या सात टाक्यांना महिना झाला. कचेरीत एकही जखम नाही. हामूंगांचा फोन आला: "गाईचोर बाई, तुमचा हुकूम वरच्यांना आवडलाय. जानेवारीपासून सगळ्या शाखांना लावताहेत. तुमच्या नावाने." दुरुस्तीची पहिली पाच कलमं मंजूर झाली. उरलेली पुढच्या तिमाहीत.

कासोंदे दुपारी डोकं धरून बसलेले दिसले. आठवड्यात तिसऱ्यांदा. वीज जाते त्या दिवशी जास्त दुखतं, म्हणाले. मंद उजेडात बारीक अक्षर वाचलं की दुखणारच. चष्म्याचा नंबर तपासून घ्या, असं सांगितलं. अर्ध्या दिवसाची रजा दिली.

शुक्रवार, ९ ऑक्टोबर

जे घडलं ते क्रमाने लिहिते.

वीज दीडला गेली. जनरेटर सुरू झाला. शुक्रवार म्हणून तीनपर्यंत बहुतेक लोक गेले. कासोंदे दोन वाजून वीस मिनिटांनी रेकॉर्ड खोलीत गेले. लुआन्श्याच्या एका म्हाताऱ्या खाणकामगाराची जुनी फाईल सापडत नव्हती. जेरेंना सांगून गेले.

तीनच्या थोडं आधी त्यांनी ठोकलं. जेरे म्हणाले, कोण आहे? आतून आवाज आला, उघड. जेरे म्हणाले, आधी पाय धू. कासोंदे म्हणाले, "उघड जेरे, मी मरतोय." जेरेंनी उत्तर दिलं, "मर, तुझ्या मयताला मीच पहिला नाचेन." मग पुन्हा ठोकलं, हळू. मग एकदा. मग शांत झालं.

जेरे स्टुलावर बसून राहिले. त्यांना वाटलं डाव सुरू झाला.

ठोकणं मीही ऐकलं. मी लुसाकाचं आठवड्याचं पत्र लिहीत होते. दोन वेळा ऐकलं, बहुतेक तीन. पुन्हा तेच नाटक, असं मनात आलं आणि मी माझं दार लावून घेतलं.

साडेतीनला पत्र घेऊन बाहेर आले. जेरे स्टुलावर दात काढून बसले होते. मला पाहून ओठांवर बोट ठेवलं. "आज माकडखाऊ भलताच हट्टाला पेटलाय, मॅडम. आजवरचा सगळ्यात लांब डाव आहे हा."

मी म्हटलं, उघडा आधी.

कासोंदे आतून दाराला टेकून बसले होते, म्हणून दार ओढताच बाहेर पडले. जेरे आधी हसले. मग त्यांनी कासोंदेंना हलवलं आणि म्हणाले, "हरलो, ऊठ. हरलो म्हटलं ना."

आतून डिझेलचा धूर आला. मला ठसका लागला; जेरेंचं तिकडे लक्षच नव्हतं.

दवाखान्यात नेलं. उपयोग नव्हता.

शनिवार, १० ऑक्टोबर

सकाळी कचेरी उघडून दोन माणसांना जनरेटर मागच्या भिंतीपासून हलवून रस्त्याच्या कडेला ठेवायला लावला. त्या भिंतीत वर एक झरोका आहे. रेकॉर्ड खोलीचा. मी याआधी तो पाहिला नव्हता. मागच्या अंगणात जायचं मला कधी काम पडलं नव्हतं.

जेवले नाही.

सोमवार, १२ ऑक्टोबर

मयत झाली. सगळी कचेरी होती. बायका आतल्या खोलीत जमिनीवर, पुरुष अंगणात शेकोटीपाशी. कासोंदेंचा थोरला मुलगा चोला, म्हणून त्यांच्या पत्नीला सगळे बाना चोला म्हणतात, आणि कासोंदेंना बाशी चोला, म्हणजे चोलाचे वडील, म्हणत. बाना चोलाने माझा हात धरला. "मॅडम, तुम्हीच त्यांना चष्म्याचं सांगितलंत. एवढी चौकशी कुणी करत नाही." मग तिने त्यांची पक्कड मागितली. ती जेरेंकडच्या लाकडी पेटीतून काढून मी बरोबर नेली होती, दिली.

रिवाजाप्रमाणे मयताला थट्टेच्या भावाने थट्टा करायची असते. शवपेटीची वाट अडवायची, मेलेल्याची नक्कल करायची, रडणाऱ्यांना हसवायचं. न्गोनींपैकी चार-पाच जण आले होते, पण सगळे जेरेंकडे बघत होते, कारण सगळ्यांना ठाऊक होतं की ही जोडी कोणाची. जेरे भिंतीला लागून उभे. कासोंदेंची बहीण ओरडली, "काय रे न्गोनी, माझ्या भावाशी भांडणार नाहीस का आज? मेल्यावर घाबरलास?"

जेरे पुढे आले. शवपेटीजवळ बसले. झाकणाला कान लावला आणि म्हणाले, "ठोक की रे माकडखाऊ. या वेळी एका ठोक्यात उघडतो."

सगळे हसले. बाना चोलासुद्धा तोंडावर हात धरून हसली. जेरे कान लावून तसेच बसून राहिले. लोक पुढच्या वाक्याची वाट बघत होते. ते आलं नाही. शेवटी दोघांनी त्यांना काखेत धरून उचललं.

रिवाज असला तरी हे बोलणं मला अनुचित वाटलं.

मंगळवार, १३ ऑक्टोबर

डॉक्टरांचा दाखला आला. बंद जागेत यंत्राचा विषारी धूर साठल्याने मृत्यू. डॉक्टर फोनवर म्हणाले, अशा खोलीत अर्धा-पाऊण तास बसलेला माणूस ठोकायला लागला म्हणजे त्याला फार वेळ उरलेला नसतो. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मी विचारलं, पहिल्या ठोक्याला उघडलं असतं तर? "बहुधा वाचले असते." आणि हाताशी पक्कड असती तर? डॉक्टरांना प्रश्न कळला नाही. मी पुन्हा विचारला नाही.

बुधवार, १४ ऑक्टोबर

लुसाकाने घटनेचा अहवाल मागितला आहे. दिवसभर दार लावून लिहिला. चार पानं झाली. १ सप्टेंबरच्या सात टाक्यांपासून सुरू केलं. हुकूम. कासोंदेंनी मागितलेली सूट आणि मी दिलेला नकार. तुटलेली मूठ आणि तिला दिलेला चौदावा क्रमांक. जनरेटर कुणाच्या सांगण्यावरून आणि कोणत्या तारखेला हलवला. डोकेदुखीची तक्रार. ठोकणं मीही ऐकलं, हेही. हात कुठे अडला नाही. चौतीस वर्षांत खोटा अहवाल लिहिलेला नाही.

सही करून पाठवला. बरं वाटलं असं म्हणता येणार नाही, पण झोप लागली.

शुक्रवार, १६ ऑक्टोबर

हामूंगांचा फोन. गाईंचा विषय काढला नाही. पहिल्यांदाच त्यांनी मला मिसेस लिसेली म्हटलं.

"अहवाल वाचला. फार लांब आहे."

"घडलं तेवढंच लिहिलं आहे."

"घडलं त्यापेक्षा जास्त लिहिलंय. हा वकील वाचणार आहेत. एक पान करा. त्या दिवशी, त्या वेळी काय झालं, तेवढंच. पार्श्वभूमी नको."

"पार्श्वभूमीशिवाय तो माणूस आत का अडकला ते कळणार नाही."

"पहारेकऱ्याने दार उघडलं नाही. बरोबर?"

"बरोबर."

"खरं आहे ना हे?"

"खरं आहे."

"मग तेच लिहा. आणि बाई, जानेवारीत तुमचा हुकूम दहा शाखांत जातोय. त्याच्यावर आत्ताच राख टाकू नका."

पुन्हा लिहायला बसले. नेटकं लिहिण्याचा मला सराव आहे. कॉलेजात असताना आमचे प्राध्यापक म्हणत, काढता येईल ते वाक्य काढा. पहिलं पान हुकुमाचं. तो हुकूम लुसाकाकडे आहेच, काढलं. सूट मागणं आणि नाकारणं हे तोंडी झालं, कागद नाही, काढलं. चौदावा क्रमांक दुरुस्तीच्या पत्रव्यवहारात नोंदलेला आहे, ज्याला हवा तो पाहील. काढला. जनरेटरची जागा हा देखभालीचा विषय. डोकेदुखीला वैद्यकीय पुरावा नाही. "ठोकणं मीही ऐकलं" हे वाक्य बराच वेळ ठेवलं होतं. मग वाटलं, पहारा माझ्याकडे नव्हता. मी ऐकलं म्हणून घटना बदलत नाही. काढलं. मृत्यूच्या कारणापुढे लिहिलं: सोबतचा दाखला पाहावा.

एक पान झालं. त्यातलं प्रत्येक वाक्य खरं आहे. दोनदा तपासलं.

मंगळवार, २० ऑक्टोबर

पहारेकऱ्याचीही अहवालावर सही हवी, असं लुसाकाने कळवलं. जेरेंना बोलावलं. ते गणवेश घडी करून घेऊनच आले होते, कुणी मागितला नव्हता. आठ दिवसांत त्यांचा चेहरा पार उतरला आहे. रोज संध्याकाळी ते बाना चोलाच्या अंगणात जाऊन बसतात, असं ऐकलं. ती त्यांना मक्याच्या पिठाची न्शिमा वाढते. ते खात नाहीत, पण उठतही नाहीत.

अहवाल पुढे ठेवला. एकेका ओळीखाली बोट धरून त्यांनी तो वाचला. बराच वेळ लागला. मी दुसरी पत्रं पाहत होते.

"बरोबर लिहिलंय, मॅडम," ते म्हणाले. "मीही असंच लिहिलं असतं."

"मग सही करा."

पेन हातात घेतलं आणि थांबले. "एक विचारू, मॅडम? बाशी चोला कशाने गेले? भीतीने गेले का? मी उघडत नाही म्हणून त्यांची छाती फुटली, असं सगळे म्हणतात."

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी कासोंदेंचं असं आदराचं नाव ऐकलं नव्हतं.

दाखल्याची प्रत माझ्या टेबलावर होती, त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर, पालथी. ती उलटी केली असती तर त्यांना एका मिनिटात कळलं असतं की छाती फुटली नाही, धूर होता. मग त्यांनी विचारलं असतं, धूर कुठून आला. विचारणं साहजिक होतं. मी विचार केला, या अहवालाचं काम आज पुरं व्हायलाच हवं.

"ते दाखल्यात आहे," मी म्हटलं. "दाखला लुसाकाला गेला."

"भीतीनेच गेले असणार," ते म्हणाले. "आवाज हळू होत गेला ना. मला वाटलं रुसले."

मी सहीच्या जागेवर बोट ठेवलं. त्यांनी सही केली. अक्षर शाळेतल्या मुलासारखं, मोठं, सरळ. सहीखाली तारीखही लिहा म्हटलं, तीही लिहिली. कागद परत घेऊन पाहिला. त्यांनी ९ ऑक्टोबर लिहिलं होतं.

आज वीस तारीख आहे, असं मी सांगितलं. त्यांनी खोडून वीस केलं. खाडाखोडीशेजारी छोटी सही लागते, तीही घेतली.